लिथियमला वाट, आगीला अटकाव

२६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक विजेची स्कूटर पेटली. गाडी चालू नव्हती, तिला कोणी धडक दिली नव्हती. आधी धूर निघाला, मग ज्वाळा. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ एप्रिलला, नाशिकमध्ये चाळीस नव्या स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागली आणि त्यातल्या वीस जळाल्या. या दोन्ही घटनांत कोणाला इजा झाली नाही. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दगावला.

अशा बातम्या वर्गात निघाल्या की चौकस विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो : गाडीत पेट्रोल नाही, मग जळते काय? यावर बहुतेक वेळा दिले जाणारे उत्तर असे असते, की लिथियम हा सोडियमचा भाऊबंद, त्याला हवा-पाणी लागले की तो पेट घेतो. उत्तर ऐकायला पटते, पण ते बरोबर नाही. मोबाइलमधील किंवा स्कूटरमधील लिथियम-आयन बॅटरीत लिथियम धातूचा पत्रा किंवा तुकडा नसतोच. सुरुवातीच्या काळात तसे घट बनवले गेले होते, ते वारंवार पेटू लागले, आणि म्हणूनच धातूच्या जागी लिथियम आपल्या थरांत सामावून घेणारा कार्बन वापरण्याची कल्पना पुढे आली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी ही त्या शोधाचीच फलश्रुती होय.

मग जळते काय, याचे उत्तर शोधण्यासाठी घट उघडून पाहावा लागेल. प्रत्यक्षात तसे मुळीच करू नये आणि विद्यार्थ्यांनाही करू देऊ नये. आपण तो मनातल्या मनात उघडू.

घटाच्या आत

स्कूटरच्या बॅटरीत बोटाएवढे दोन-अडीचशे घट असू शकतात. एका घटात दोन लांब पट्ट्या गुंडाळीसारख्या एकत्र वळलेल्या असतात. एक तांब्याच्या वर्खावर ग्रॅफाइटचा लेप दिलेली, दुसरी ॲल्युमिनियमच्या वर्खावर धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेली. पहिली ऋण, दुसरी धन. (पाठ्यपुस्तकातील धनाग्र आणि ऋणाग्र हे शब्द येथे मुद्दामच टाळले आहेत. विद्युत अपघटनात ज्या टोकाशी ऑक्सिडीकरण होते ते बॅटरीच्या धन टोकाला जोडलेले असते, म्हणून आपण त्याला धनाग्र म्हणतो. बॅटरी वीज देत असताना मात्र ऑक्सिडीकरण ऋण टोकाशी होते. दहावीच्या मुलांचा येथे हटकून गोंधळ होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.)

चार्जिंग करताना लिथियमचे आयन धन पट्टीतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. गाडी चालवताना ते परत येतात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, आयन आतून. या दोन पट्ट्यांमध्ये एक पांढरा, पातळ पडदा असतो, आणि हे सारे एका द्रवात भिजलेले असते.

हा द्रव म्हणजे विद्युत-अपघटनी. शब्दाचा अर्थ पाहिला तर ‘विजेने ज्याचे अपघटन होते तो’. बॅटरीच्या बाबतीत हे नाव थोडे दुर्दैवी आहे, कारण येथे त्या द्रवाचे अपघटन अजिबात व्हायला नको असते. आयनांची ने-आण करावी आणि स्वतः शाबूत राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आणि सगळी अडचण येथूनच सुरू होते. मीठ विरघळवायला पाण्यासारखा दुसरा स्वस्त द्रव नाही, पण पाणी सव्वा व्होल्टच्या जवळपास फुटू लागते. लिथियम-आयन घटाचा दाब असतो साधारण ३.७ व्होल्ट. एवढ्या दाबाखाली टिकून राहील असा द्रव हवा म्हणून पाणी बाजूला ठेवून सेंद्रिय द्रव घ्यावे लागले : एथिलीन कार्बोनेट, डायमिथाइल कार्बोनेट, डायएथिल कार्बोनेट यांची मिश्रणे. त्यांत लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार विरघळवतात.

या द्रवांची ज्वलनशीलता किती? डायमिथाइल कार्बोनेटच्या वाफा सुमारे १७-१८ अंश सेल्सिअसलाच ठिणगी मिळताच भडकू शकतात. रॉकेलला त्यासाठी किमान ३५ अंश लागतात. म्हणजे या बाबतीत बॅटरीतील हा घटक रॉकेलपेक्षाही तापट. माझे गाव मुरुम, उमरगा तालुक्यातले. तेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी त्याहून तापते. अर्थात द्रव हवाबंद डब्यात असेपर्यंत काही बिघडत नाही. शेडमध्ये रॉकेलचा बंद डबाही वर्षानुवर्षे राहतो. प्रश्न डबा आतून तापू लागला तर काय होते, हा आहे.

बेलगाम तापमान

आतून तापण्याची कारणे अनेक. चुकीचा चार्जर, कारखान्यात राहून गेलेला धातूचा एखादा कण, आदळआपट, पाणी शिरणे. या सर्वांचा शेवट बहुधा एकाच गोष्टीत होतो : दोन पट्ट्या एखाद्या बिंदूपाशी एकमेकींना टेकतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते.

त्यानंतरचा घटनाक्रम पायऱ्यापायऱ्यांचा असतो. साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ग्रॅफाइटवरील संरक्षक थर तुटू लागतो आणि स्वतःच उष्णता देऊ लागतो. १३० अंशांच्या आसपास मधला पडदा वितळतो. दोनशेच्या पुढे धन पट्टीतील काही ऑक्साइडे आपला ऑक्सिजन सोडू लागतात. येथपर्यंत आलेल्या घटापाशी इंधन आहे, उष्णता आहे आणि स्वतःचा ऑक्सिजनही आहे. म्हणूनच वाळू टाकून किंवा गोधडीने झाकून ही आग दबत नाही. ती विझवायची तर उष्णता काढून घ्यावी लागते, आणि त्यासाठी भरपूर पाणी हाच अग्निशामक दलाचा मुख्य उपाय आहे. धूर विषारी असतो, कारण त्या फ्लुओरिनयुक्त क्षारापासून हायड्रोजन फ्लुओराइड तयार होते. तेव्हा घरातल्या माणसांनी आधी बाहेर पडावे. बॅटरी दारातच चार्जिंगला लावू नये, असे सांगतात त्याचे कारण हेच.

एका घटाची उष्णता शेजारच्याला पेटवते, तो त्याच्या शेजारच्याला. क्लिष्ट नावांच्या जंजाळात न शिरता एवढेच सांगतो, की धन पट्टीत लिथियम आयर्न फॉस्फेट वापरले तर ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्याने तो सहज सुटत नाही आणि धोका बराच कमी होतो. इंधन मात्र तेथेही तोच द्रव असतो.

पडद्याची करामत

मधल्या पडद्याविषयी थोडे विस्ताराने बोलायला हवे. तो असतो पॉलिएथिलीनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे किराणा दुकानातील पिशवीच्याच जातीचा. जाडी १० ते २५ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. त्यात एका मायक्रॉनहून लहान अशी असंख्य छिद्रे असतात, इतकी की पडद्याचा साधारण चाळीस टक्के भाग पोकळच असतो. आयन वाहून नेण्याचे काम पडदा स्वतः करीत नाही. छिद्रांत भरलेला द्रव ते करतो. पडद्याने फक्त दोन पट्ट्या अलग ठेवायच्या.

काही पडदे तीन थरांचे करतात. मध्ये पॉलिएथिलीन, दोन्ही बाजूंना पॉलिप्रॉपिलीन. तापमान १३५ अंशांच्या जवळ गेले की मधला थर वितळून छिद्रे बुजतात आणि आयनांची वाहतूक बंद पडते. बाहेरचे थर १६५ अंशांपर्यंत टिकून राहतात. हा एक प्रकारचा फ्यूजच झाला, पण त्याला जेमतेम तीस अंशांची मुदत मिळते. तापमान वेगाने चढत असेल तर ती काही क्षणांत संपते, मग बाहेरचे थरही आकसतात आणि पट्ट्या मोठ्या भागावर एकमेकींना भिडतात. अलीकडे पडद्यावर ॲल्युमिनासारख्या मृत्तिकेचा बारीक लेप देतात, त्यामुळे तो आकसत नाही. बाजारात आज ज्या बॅटऱ्या खरोखर अधिक सुरक्षित झाल्या आहेत, त्यांत या साध्या लेपाचा वाटा मोठा आहे. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

द्रवच नको

पडदा आणि द्रव हे दोन वेगळे ठेवण्याऐवजी पडद्यालाच आयन वाहायला शिकवले तर? मग ज्वलनशील द्रव काढूनच टाकता येईल. या कल्पनेचे मूळ १९७३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे झालेल्या कामात आहे. पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पॉलिएथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात सोडियम, पोटॅशियम यांचे क्षार चक्क विरघळतात. एका घन पदार्थात दुसरा घन पदार्थ! पुढे १९७८ मध्ये फ्रान्समधील मिशेल आर्मां यांनी अशा पदार्थाचा पडदा लिथियमच्या बॅटरीत वापरता येईल, असे सुचवले.

पॉलिएथिलीन ऑक्साइड आपल्याला अगदीच अनोळखी नाही. त्याच्या आखूड साखळ्यांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल म्हणतात आणि मलमांत व पोट साफ करण्याच्या औषधांत ते वापरतात. त्याच्या साखळीत दर दोन कार्बन अणूंनंतर एक ऑक्सिजन अणू येतो. ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्या असतात आणि धनभारित लिथियम आयन त्यांच्याकडे ओढला जातो. चार-पाच ऑक्सिजन मिळून एका लिथियमला आपल्या मिठीत घेतात. पाण्याचे रेणू मिठातील सोडियमला घेरतात तसेच हे.

पण नुसते घेरून भागत नाही, आयन पुढे सरकला पाहिजे. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून भरल्या घागरी हातोहात पुढे दिल्या जातात, ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. माणसे जागची हलत नाहीत, हात मात्र हलतात, आणि घागर पुढे जाते. बहुवारिकाच्या साखळ्या जागच्या जागी असतात, पण त्यांचे तुकडे सतत वळवळत असतात. त्या वळवळीत लिथियम एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे सुपूर्त होतो. रांगेतल्या माणसांचे हात बांधले तर? साखळ्या एकमेकींशेजारी शिस्तीत बसून स्फटिक बनल्या की नेमके हेच होते. पॉलिएथिलीन ऑक्साइडचे स्फटिक वितळतात ६५ अंशांच्या आसपास. त्याखाली त्याचा बराच भाग हात बांधून बसलेला असतो.

याचा परिणाम किती होतो हे ओहमच्या नियमाने काढता येईल. दहावीच्या वर्गात फळ्यावर करण्यासारखे हे गणित आहे. पडद्याच्या एक चौरस सेंटिमीटर भागाचा रोध म्हणजे त्याची जाडी भागिले वाहकता. जाडी २५ मायक्रॉन, म्हणजे ०.००२५ सेंमी. घेऊ. द्रवात भिजलेल्या पडद्याची वाहकता ढोबळमानाने प्रति सेंमी. एक हजारांश सीमेन्स धरली, तर रोध येतो २.५ ओहम. त्यातून एक मिलिॲम्पिअर प्रवाह नेला तर वाया जाणारा दाब अडीच मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्य. आता साध्या पॉलिएथिलीन ऑक्साइडची नेहमीच्या तापमानाची वाहकता घ्या : फार तर एक दशलक्षांश सीमेन्स. रोध होतो २५०० ओहम, आणि तेवढ्याच प्रवाहाला वाया जाणारा दाब अडीच व्होल्ट! ३.७ व्होल्टच्या घटातले अडीच व्होल्ट पडद्यानेच गिळले, तर मोटारीला उरले काय? तापमान ७० अंशांवर नेले की वाहकता शेकडो पटींनी वाढते आणि गणित जमू लागते.

पॅरिसचा अनुभव

हे गणित जमवून दाखवणारी एक कंपनी फ्रान्समध्ये निघाली. बोलोरे उद्योगसमूहाने पॉलिएथिलीन ऑक्साइडचा पडदा आणि ऋण बाजूला लिथियम धातू असलेली बॅटरी बनवली व २०११ ते २०१८ या काळात पॅरिसमध्ये त्यावर चालणाऱ्या भाड्याच्या मोटारी रस्त्यांवर आणल्या. बॅटरी ६० ते ८० अंशांवर ठेवावी लागे. गाडी उभी असतानाही ती ऊबदार राहावी म्हणून वीज लागे. पॅरिसमध्ये प्रत्येक थांब्यावर चार्जिंगचा खांब होता, म्हणून हे चालून गेले. ज्या गावात भारनियमन चालते, तेथे उभ्या गाडीला ऊब देण्यासाठी वीज खर्च करणारी बॅटरी कोण घेईल? आमच्याकडचा उन्हाळा कडक असला तरी चाळीस अंश म्हणजे सत्तर नव्हेत.

आता यातील दुसरा भाग. २०२२ च्या एप्रिल महिन्यात, म्हणजे नाशिकचा कंटेनर जळाला त्याच महिन्यात, पॅरिसमध्ये याच जातीची घन बहुवारिक बॅटरी असलेल्या दोन बसगाड्या पेटल्या, एक ४ तारखेला आणि दुसरी २९ तारखेला. कोणी जखमी झाले नाही, पण तेथील परिवहन संस्थेने त्या प्रकारच्या सर्व १४९ बसगाड्या तात्पुरत्या मागे घेतल्या. ‘घन’ म्हणजे ‘न जळणारी’ असे समीकरण जाहिरातींत आज सर्रास मांडले जाते. त्याची तपासणी करण्यास हा प्रसंग उपयोगी आहे.

बहुवारिकही शेवटी कार्बन-हायड्रोजनचाच पदार्थ. तो जळतो. पण रॉकेल आणि मेण यांत जो फरक आहे तो येथे लागू पडतो. मेणाच्या गोळ्याला काडी लावली तर तो भडकत नाही, कारण त्याच्या वाफा सहजी निघत नाहीत. तो गळत नाही, सांडत नाही, पसरत नाही. हा फायदा मोठा आहे. मात्र बोलोरेच्या बॅटरीत द्रव काढला तरी लिथियम धातू परत आणला होता. लिथियम १८० अंशांना वितळतो, आणि वितळलेला लिथियम हवेत काय करतो हे सांगायला नको. एका बाजूचा धोका कमी करताना दुसऱ्या बाजूने वाढवला गेला. तो का वाढवावा लागतो? धातूरूप लिथियममुळे तेवढ्याच वजनात बरीच जास्त ऊर्जा मावते, आणि ग्राहकाला एका चार्जिंगमध्ये जास्त किलोमीटर हवे असतात.

मऊ की ताठर?

लिथियम धातूची आणखी एक खोड आहे. चार्जिंग करताना तो सपाट थराने जमत नाही. जेथे प्रवाह जरा जास्त तेथे उंचवटा येतो, उंचवट्यावर प्रवाह आणखी एकवटतो, आणि पाहता पाहता सुईसारखे फाटे वाढू लागतात. त्यांना डेन्ड्राइट म्हणतात. ते पडदा भेदून पलीकडे पोहोचले की शॉर्टसर्किट. ग्रॅफाइटच्या साध्या घटातही थंडीत किंवा फार वेगाने चार्ज केल्यास असे लिथियम साचू शकते.

हे फाटे दाबून ठेवायचे तर पडदा ताठर हवा. अमेरिकेतील मन्रो आणि न्यूमन यांनी २००५ मध्ये गणिताने दाखवले, की पडद्याचा ताठरपणा लिथियमच्या सुमारे दुप्पट असेल तर फाट्यांची वाढ रोखली जाईल. पॉलिएथिलीन ऑक्साइड त्यापुढे लोण्यासारखे मऊ आहे. त्याला ताठर करावे तर साखळ्यांची वळवळ थांबते आणि वाहकता जाते. वळवळ वाढवावी तर पडदा अधिकच मऊ होतो. ज्या गुणामुळे लिथियमला वाट मिळते, त्याच गुणामुळे डेन्ड्राइटलाही मिळते. या विषयातील पन्नास वर्षांचे संशोधन या एका कोंडीभोवती फिरत आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कोंडी फोडण्याचे प्रयत्न नाना तऱ्हेचे आहेत. एकाच साखळीत मऊ आणि कडक असे दोन प्रकारचे तुकडे जोडायचे. कडक तुकडे आपसांत गोळा होऊन सांगाडा बनवतात, मऊ तुकड्यांतून लिथियम वाट काढतो. कॅलिफोर्नियात बर्कले येथे निताश बालसारा यांच्या गटाने या मार्गाने बरेच काम केले. दुसरा मार्ग बहुवारिकात मृत्तिकेचे अतिसूक्ष्म कण मिसळण्याचा. त्यामुळे साखळ्यांची शिस्त बिघडते, स्फटिक कमी होतात आणि वाहकता वाढते. १९९८ मध्ये इटलीतील गटाने हे दाखवले तेव्हा बरीच खळबळ उडाली होती. लिथियमच्या क्षारातील ऋण आयन मोठा आणि बेढब निवडला तरी असाच उपयोग होतो. यांतील कोणत्याही एका मार्गाने नेहमीच्या तापमानाला द्रवाची बरोबरी अजून साधलेली नाही.

मधला मार्ग : जेल

म्हणून व्यवहारात तडजोड झाली ती जेलची. बहुवारिकाच्या जाळीत थोडा द्रव अडकवून ठेवायचा. वाहकता द्रवाच्या जवळपास येते, गळती होत नाही. मोबाइलच्या किंवा खेळण्यातील ड्रोनच्या बॅटरीवर ‘लिथियम पॉलिमर’ असे छापलेले असते. ते वाचून आत घन बहुवारिक असेल असे समजू नये. बहुतेकांत नेहमीचा द्रव किंवा फार तर जेल असते. ‘पॉलिमर’ या शब्दाने तेथे मुख्यतः मऊ पाकिटाचा आकार सूचित होतो. अशी बॅटरी फुगली तर तिला टोचू नये, एवढे तरी विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

जेल म्हणजे काय, हे वर्गात सहज दाखवता येते. एका कपात पाणी घेऊन त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवा. पेन्सिलीची दोन शिसे त्यात अर्ध्या-पाऊण इंच अंतरावर उभी करून नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक एलईडी जोडा. दिवा लागतो. (मिठाऐवजी सोडा अशासाठी, की मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो.) आता तसाच कपभर पाण्यात चायना ग्रास उकळून, आच बंद केल्यावर तेवढाच सोडा घालून बशीत ओता व घट्ट होऊ द्या. थरथरणाऱ्या त्या वडीत शिसे खोचली की दिवा जवळजवळ तेवढाच उजळतो. पाहणाऱ्याला तो घन पदार्थ वाटतो, आयनाला मात्र ते पाणीच वाटते. जाळी इतकी विरळ असते, की त्याला अडथळा जाणवत नाही. नंतर वडीची पातळ चकती पंख्याखाली दोन दिवस सुकू द्या आणि पुन्हा तपासा. दिवा विझलेला असेल किंवा जेमतेम मिणमिणेल. साखळ्या आहेत, क्षार आहे, पण वाहून नेणारे पाणी उडून गेले. खऱ्या घन बहुवारिक पडद्याकडून आपण काय मागतो आहोत, हे या सुकलेल्या चकतीवरून कळते : पाण्याविनाही दिवा लागला पाहिजे.

घन पडद्याची आणखी एक अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. द्रव प्रत्येक सांदीकोपऱ्यात शिरतो. घन पडदा पट्टीवर ठेवला तर तो उंचवट्यांवर टेकतो आणि खळगे रिकामे राहतात. आयनाला पोकळीतून उडी मारता येत नाही. यावर उपाय सापडला तो आपल्या स्वयंपाकघरातील युक्तीचा. दही दुसरीकडे लावून मडक्यात भरले तर मोडते, मडक्यातच विरजले तर कडेला नीट चिकटून बसते. त्याचप्रमाणे बहुवारिकाचे सुटे एकक द्रवरूपात घटात ओतायचे, ते सर्व छिद्रांत मुरू द्यायचे, आणि मग उष्णतेने किंवा जंबुपार किरणांनी आतल्या आतच त्याच्या साखळ्या जोडायच्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट या पद्धतीवर काम करीत आला आहे. या गटाने जर्मनीतील म्युन्स्टरच्या संशोधकांबरोबर २०२१ मध्ये या विषयाचा एक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. या पद्धतीचा मोठा गुण असा, की आज द्रव भरणाऱ्या कारखान्यांना यंत्रे फारशी बदलावी लागत नाहीत. माझ्या मते आपल्यासारख्या देशात पहिला फायदा याच मार्गाने होईल, पूर्ण घन बॅटरीची वाट पाहण्याने नव्हे.

याच प्रयोगशाळेचे नाव आणखी एका पडद्याच्या संदर्भात वाचनात आले असेल. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात केपीआयटी कंपनीबरोबर हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. तिच्या इंधनघटातही बहुवारिक पडदाच असतो, पण त्यातून लिथियमऐवजी प्रोटॉन जातो आणि त्यासाठी पडदा ओला ठेवावा लागतो. तो घट ६५ ते ७५ अंशांवर चालतो. वर्तमानपत्रांत या दोन पडद्यांची सरमिसळ होते, म्हणून हा उल्लेख.

दरम्यान २०२२ च्या आगींनंतर केंद्र सरकारने हैदराबादचे शास्त्रज्ञ टाटा नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि वाहनांच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. ते दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून, लागू झाले. घट, त्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, चार्जर आणि एका घटातील शॉर्टसर्किटमुळे सगळी बॅटरी पेटणे या सर्वांचा विचार त्यात आहे. ही तटबंदी घटाच्या बाहेरची झाली. आतला द्रव आहे तोच आहे.

यापुढे ‘सॉलिड-स्टेट’ बॅटरीच्या बातम्या वारंवार येत राहतील. अशी बातमी वर्गात वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात. आत द्रव खरोखर शून्य आहे की थोडा ठेवला आहे, वाहकतेचा आकडा कोणत्या तापमानाचा आहे, आणि ऋण बाजूला ग्रॅफाइट आहे की लिथियम धातू. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख बातमीत कधीकधी सापडतो. तापमानाचा आकडा मात्र बहुधा मूळ शोधनिबंधातच पाहावा लागतो, आणि तेथे तो पुष्कळदा ६० अंश असतो.